अरुणचा क

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही, देवापुढे हात जोडून बसले तेव्हाही नाही. त्याला ठाऊक असेल तर असो, माझ्या तोंडून त्याने ऐकलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. इथे महाडात मला सगळेच ओळखतात. बाजारपेठेत आमचं औषधांचं दुकान आहे, वडलांच्या वेळेपासूनचं. ‘मेडिकलवाल्या ताई’ म्हणा, शेंबडं पोरसुद्धा आणून सोडेल तुम्हाला. जिभेने फटकळ पण मनाने चांगली, असं माझ्याबद्दल म्हणतात. त्यातलं फटकळ तेवढं खरं धरा.

आधी अक्षराबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डॉक्टरांचं अक्षर वाचणं हे माझं पोट. मुंग्या चालाव्यात तशी चिठ्ठी समोर आली तरी मी बघताक्षणी डबी काढते. तीस वर्षांत एक चूक नाही माझी. लोक म्हणायचे, ताई, देवाने लिहिलेलंही वाचाल तुम्ही. आणि माझ्या भावाचं अक्षर? अहो, ते तर मीच घडवलं होतं. अरुण माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. पाटीवर त्याचा हात धरून मी गिरवून घेतलं. त्याच्या क ला शेपटी असायची — लांब, खालच्या ओळीत घुसणारी. त्यासाठी मी त्याच्या बोटांवर पट्टी मारलीये, तरी ती शेपटी गेली नाही. मोठा झाला, डॉक्टर झाला, अक्षराचा पार चिवडा झाला, पण क ची शेपटी तशीच राहिली. हे लक्षात ठेवा.

डॉक्टर झाल्यावर वर्षभर तो पोलादपूरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात होता. मग एकदम नौदलात गेला. नौदलात डॉक्टरला हुद्द्यानेच सर्जन म्हणतात, तर आईने आळीभर करून टाकलं, ‘आमचा अरुण सर्जन झाला!’ तो कपाळावर हात मारून म्हणायचा, ‘अगं आई, गळवं फोडतो मी, गळवं!’

नंदा त्याला त्या पोलादपूरच्या वर्षात भेटली. आंबेनळी घाट सुरू होतो तिथल्या एका गावच्या बौद्धवाडीतली. दहावी झालेली, बालवाडी चालवायची. पोरांना लस टोचायला घेऊन यायची आणि एकेक पोर रडायला लागलं की त्याच्या आधी स्वतःच डोळे मिटून घ्यायची — हे अरुणनेच मला सांगितलं, हसत हसत. त्या हसण्यावरूनच मी ओळखलं. घरात फक्त मलाच सांगितलं त्याने. ‘ताई, तुझ्याशिवाय कुणाला सांगू?’ काय फुगले होते मी तेव्हा! आळीत एवढ्या सुधारलेल्या विचारांची एकच बाई, ती म्हणजे मी. चवदार तळ्यावर मार्चमध्ये गावोगावचे लोक येतात, तेव्हा दुकानासमोर पाण्याचं पिंप भरून ठेवायचे मी, दरवर्षी. स्वतःच्या हाताने पेले भरून द्यायचे. आणि संध्याकाळी स्वतःवर खूश असायचे.

तो बोटीवर गेल्यावर पत्रं माझ्या नावाने दुकानावर यायची. आत माझ्यासाठी चार ओळी आणि घडी घातलेला दुसरा कागद, नंदासाठी. तिच्या घरी पत्र गेलं असतं तर वाडीभर झालं असतं. दर गुरुवारी ती एस.टी.ने महाडला यायची, बालवाडीचं काहीबाही सामान न्यायला. गिऱ्हाईक कमी झालं की फळीच्या आत येऊन स्टुलावर बसायची. पत्र हातात घ्यायची, उलटंसुलटं करायची, ‘प्रिय नंदा’ एवढं बोट ठेवून वाचायची आणि मग माझ्यासमोर धरायची. ‘वाचा ना ताई. मला तर काय पन लागत नाय ह्यातलं.’

म्हणजे तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या भावाची प्रेमपत्रं मी वाचून दाखवायचे. त्यालाही माहीत होतं. मधेच लिहायचा, ‘ताई, इथून पुढे तू गप्प बस’ — आणि खाली बालवाडीच्या तक्त्यावर असतात तशा ठसठशीत अक्षरांत दोन-तीन शब्द. तेवढे नंदा स्वतः वाचायची. वाचून कागद पदराखाली घ्यायची. मी उगाच कपाटाकडे तोंड करून खोकल्याच्या बाटल्या लावत बसायचे. खोटं कशाला सांगू — ते गुरुवार मला आवडायचे.

मग नव्याण्णवचा उन्हाळा आला आणि कारगिल सुरू झालं. लोक दुकानात येऊन विचारायचे, लढाई डोंगरात, मग तुमचा अरुण समुद्रात काय करतोय? मला तरी कुठे कळत होतं? बोट कुठे आहे ते लिहायची त्याला परवानगी नव्हती. पण बाकीचं लिहायचा. कुणाची अक्कलदाढ, कुणाला उष्णतेच्या पुळ्या, एका कोल्हापूरकडच्या खलाशाचं अपेंडिक्स — बोट इतकी हलत होती की पेशंटला पट्ट्यांनी बांधलं आणि मग स्वतःलाही टेबलाला बांधून घेतलं. एकदा लिहिलं, लढाई इकडे आलीच तर आम्ही अधिकारी जेवतो तेच टेबल ऑपरेशनचं टेबल होणार. ‘रोज त्याच्यावर वरण-भात खातो नंदा, आणि रोज मनात येतं, उद्या ह्याच्यावर कोण असेल? मला जमेल का? हात थरथर कापले तर?’ हे मी वाचलं तेव्हा नंदाने माझ्याकडे कोरा कागद मागितला. मग म्हणाली, ‘लिवते मी त्यांना. तुमचा हात कापायचा नाय म्हनून लिवते.’ आणि तिथेच फळीवर कागद ठेवून लिहिलं. तिची पत्रं मीच पाकिटात घालून, पत्ता लिहून टपालात टाकायचे.

ती आली की मी चहा मागवायचे. दुकानात दोन कप होते. चहा झाला की माझा कप नळाखाली पडून राहायचा. तिचा मी लगेच विसळून खिडकीच्या कडेला ठेवायचे. वेगळा. कुणी सांगितलं नव्हतं मला. हात आपोआप जायचा. दोन-तीन गुरुवारांनंतर ती स्वतःच आपला कप विसळून त्या कडेला ठेवायला लागली. काही बोलली नाही. मीही नाही. आणि पिंप मात्र दर मार्चला भरत होते — कळतंय का तुम्हाला, मी काय सांगतेय?

थांबा. येते मी त्यावर.

जुलै लागला होता. सोमवारी पत्र आलं. ह्या वेळी माझ्यासाठी वेगळा कागद नाही, एकच कागद, आणि अक्षर असं की माझीही मान वाकडी झाली. वर लिहिलं होतं, टपाल न्यायला हेलिकॉप्टर थांबलंय, दोन मिनिटांत लिहितोय. ठसठशीत अक्षर काढायला वेळच नव्हता त्याला. मी पत्र आधी वाचत नसे, नंदासमोरच उघडत असे, तो माझा नेम होता. त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. नियम मोडून लिहिलं होतं की पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बोट मुंबईला लागेल आणि शनिवारी सकाळी निघेल. एकच दिवस. लग्नाच्या नोंदणीचा अर्ज दोघांच्या सहीने द्यावा लागतो, तेवढा देऊन टाकू, लग्न पुढच्या रजेत. तुला सोबत म्हणून माझ्या मित्राची बायकोही तिथे असेल. गेटवेसमोर सकाळी दहा वाजल्यापासून उभा राहीन. ताईला घेऊन ये, ती आपल्या बाजूने आहे.

आणि शेवटी — ‘मुंबईला ये ना गो.’

गो. आमच्या घरात ‘गो’ म्हणत नाहीत. ते खेड्यातलं. अरुण बारा वर्षांचा असताना एकदा मोलकरणीची नक्कल करत ‘काय गो’ म्हणाला, तर आईने त्याला दटावलं होतं. आणि आता तो बोटीवरून, वर्दीतला डॉक्टर, लिहीत होता ‘ये ना गो’. तिच्या तोंडचा शब्द त्याच्या हातात जाऊन बसला होता. मी तो कागद धरून उभी होते आणि मला पहिल्यांदा कळलं की हे खरंच होणार आहे. ही आमच्या घरात येणार. आमच्या ओट्याशी उभी राहणार. आईच्या देवघरात दिवा लावणार. मी तिच्याजवळ बसून चहा पीत होते, तिची पत्रं वाचत होते, तिच्यावर माझी माया होती — होती हो, खोटी नव्हती — पण सून म्हणून? आळीत? माझ्या अंगातून जे गेलं त्याला मी दुसरं नाव देणार नाही. ती जातच होती. इतकी वर्षं माझ्यात बसलेली होती, आणि मी समजत होते की पिंपाच्या पाण्याने ती धुऊन गेली.

लोकांना वाटेल, ही बिनलग्नाची बाई, हिला कुणी पत्र लिहिलं नाही, म्हणून जळली असेल. तसं असतं तर मी आनंदाने कबूल केलं असतं. तेवढं तरी माणसासारखं वाटलं असतं.

गुरुवारी नंदा आली. स्टुलावर बसली. हिरव्या बांगड्यांचा डझन घेऊन आली होती, कुणाच्या तरी ओटीसाठी. तिने पत्र समोर धरलं. मी हेलिकॉप्टरचं वाचलं. बोट मुंबईला येणार तेही वाचलं. मग अर्जाचं सगळं गाळलं, आणि — घाईत लिहिलेल्या ‘ना गो’मध्ये काना आणि ग चा आकडा असे एकमेकांत अडकले होते की नवख्याला ते ‘नको’ वाटावं. मी वाचलं, ‘मुंबईला येऊ नको.’ एकदा तोंडातून गेल्यावर पुढचं आपोआप आलं. ‘माझी वाट पाहू नको. घरचे ऐकायचे नाहीत.’

‘नको म्हनतात?’

‘हो.’

तिने कागद माझ्या हातातून घेतला. त्या शब्दावर बोट ठेवलं. पोरांना अक्षर दाखवताना ठेवतात तसं, अगदी खाली. ‘ताई, ह्ये नको हाय?’

‘हो गं. अरुणचा क असाच असतो.’

असंच म्हणाले मी. शब्द न् शब्द. त्या ठिकाणी शेपटी नव्हती. अख्ख्या पत्रात सतरा ठिकाणी क होता, सगळ्यांना शेपटी होती, फक्त तिथे नव्हती, कारण तिथे क नव्हताच.

तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवला. चहा आला होता, तो प्यायली. कप विसळून कडेला ठेवला. ‘येते ताई,’ म्हणाली आणि गेली. बांगड्या स्टुलावरच राहिल्या.

तुम्ही म्हणाल, क्षणाची चूक. नाही हो. आठ दिवस होते माझ्याकडे. पोलादपूर काय लांब आहे? एस.टी.ने पाऊण तास. रोज सकाळी दुकान उघडताना वाटायचं, आज जाते. आणि दुकान उघडायचे. पुढच्या गुरुवारी, म्हणजे अगदी आदल्या दिवशी, ती परत आली. बांगड्या न्यायला असं म्हणाली. मला पत्र दिलं, चिकटवलेलं, त्यांना पाठवा म्हणून. डोळे सुजलेले होते. तेव्हाही सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाली असती तरी दहाला पोचली असती. मी पत्र घेतलं, ‘टाकते’ म्हटलं, आणि गल्ल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. ते टाकलं असतं तर अरुणला सगळं कळलं असतं ना!

शुक्रवारी संध्याकाळी दुकानात फोन वाजला. मला माहीत होतं कोण ते. मागे रस्त्याचा आवाज येत होता.

‘ताई, नंदा आली नाही गं. पत्र मिळालं ना?’

‘मिळालं.’

‘वाचून दाखवलंस?’

‘दाखवलं.’

‘मग?’

मी म्हणाले, ‘अरुण, तिला नाही जमायचं म्हणाली ती.’

 मी हॅलो हॅलो केलं. मग म्हणाला, ‘बरं. तू जेवलीस का?’ फोन ठेवला त्याने. दहा वाजल्यापासून उभा होता तो. साडेसहा झाले होते.

लढाई संपली. त्याच्या बोटीवर एक गोळी आली नाही. त्या जेवणाच्या टेबलावर कुणाला निजवावं लागलं नाही. दिवाळीला तो दोन दिवस घरी आला, वाळलेला. नंदा तेव्हा नर्सचं शिक्षण घ्यायला बाहेरगावी गेली होती. तो पोलादपूरला जाऊन आला बहुतेक. मला एकदाच विचारलं, तिचा पत्ता आहे का. मी नाही म्हटलं. होता, माझ्याकडे. पुढे त्याने बदली मागून घेतली विशाखापट्टणमला, पार पलीकडच्या समुद्रावर. लग्न केलं नाही. आई स्थळं पाठवायची, तो उत्तर द्यायचा नाही. आई मला म्हणायची, ‘काय झालंय गं ह्या पोराला? तुझ्याशी बोलतो ना तो?’  मी डाळ निवडत बसायचे.

दोन हजार तीनमध्ये तिथेच त्याच्या स्कूटरला मागून ट्रकने ठोकलं. चौतीस वर्षांचा होता. लढाईतून सुखरूप आलेलं पोर आमचं.

तेराव्याला घर भरलेलं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले तर रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीशी नंदा उभी. पांढरी साडी, नर्सची. बहुतेक कामावरून तशीच आली होती. आत ये, एवढं म्हणायला दोन पावलं जायचं होतं. मी आत वळले. परत येऊन पाहिलं तेव्हा पायरी रिकामी होती.  

आता शेवटचं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारचं गिऱ्हाईक नव्हतं. नंदा दुकानात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्याच भागात ती आता नर्स आहे, मोटारसायकलवर वाड्या फिरते म्हणतात. केस पांढरे व्हायला लागलेत, चष्मा आलाय. तिच्या आईला बरं नाही म्हणाली आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. मी चष्मा लावला. अक्षर भयंकर होतं, माझेही डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. मी चिठ्ठी उजेडाकडे धरली. तेवढ्यात तिनेच सरळ वाचून दाखवलं, पाचही औषधं, कधी किती घ्यायची ते, पेपर वाचावा तसं. कुठेही अडली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले.

‘मला वाचता येतं आता, ताई,’ ती म्हणाली. ‘ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षापासून येतं. तेव्हाच पत्रं काढून बसले होते. पण शेवटचं तेवढं काढलं नाय. ते गेल्यावर काढलं.’

माझ्या हातात गोळ्यांची पाकिटं होती. ती मी एकावर एक रचत होते.

‘त्यांच्या क ला शेपटी असते,’ ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. रागही नाही दिसला मला तिच्या तोंडावर. राग असता तर मी हातापाया पडले असते. नुसती उभी होती, फळीच्या बाहेर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

‘माझं एक पत्र हाय तुमच्याकडं. ते द्या.’

टाकलंय की नाही, असं तिने विचारलंसुद्धा नाही. मी खालचा ड्रॉवर उघडला. सगळ्यात खाली होतं, पिवळं पडलेलं, तसंच चिकटवलेलं. ते मी कधी उघडलं नाही. एवढंच एक मी केलं नाही. तिच्या हातात दिलं. तिने पाकिटावरचं नाव वाचलं. मग ते औषधांच्या पिशवीत, गोळ्यांच्या मधे ठेवलं. आणि मी — सवय हो, दुसरं काय — मी म्हणाले, ‘ती लाल गोळी जेवणानंतर.’

‘माहीत हाय,’ ती म्हणाली आणि स्टँडकडे गेली.

तुमच्याकडून मला काही नको. माफी देणारे गेले, आणि ज्या आहेत त्यांच्याकडे ती मागायचं माझं तोंड नाही. फक्त एक राहिलंय. अरुणचं ते शेवटचं पत्र मी कधी कुणाला नीट वाचून दाखवलंच नाही. माझं कामच ते होतं. कागद नंदाकडे आहे, पण मला पाठ आहे, ते काम आज करते. शेवटच्या दोन ओळी अशा आहेत:

‘कोण काय म्हणेल ते म्हणू दे, मी दहापासून उभा राहीन, तू दिसेपर्यंत हलणार नाही. मुंबईला ये ना गो.’